सोजरमावशीचा वाटा

सोजरमावशीनं मला फसवलं. फसवणारी ती, फसलेला मी. मधे तिसरं कुणी नव्हतं. मी महादेव, येरमाळ्यातला शेळ्यांचा व्यापारी. गावात कुणालाही विचारा, लोक तुम्हाला उलटंच सांगतील. मावशी किती चांगली, तिच्यामुळं किती घरं तगली, वगैरे. ते खरंही असेल. पण शेळ्या लोकांच्या नव्हत्या, माझ्या होत्या. म्हणून हे मी लिहितोय.

देवीच्या वाटेवर मावशीचं बांगड्यांचं आणि ओटीच्या सामानाचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू, वर पत्रा आणि खाली लाकडी फळी. बाई ठेंगणी, अंगानं वाळलेली, आवाज मात्र रस्त्याच्या पलीकडं जाणारा. बांगड्या भरताना ती गिऱ्हाइकाचा हात धरायची आणि माप न बघता बांगडी काढायची. काच फुटून फुटून तिच्या बोटांवर बारीक पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. तिला एक खोड होती. कुठलीही वस्तू दिसली की तिची किंमत विचारायची. घ्यायची नसली तरी विचारायची. माझ्या लग्नात नवरीच्या मामाला तिनं त्याच्या पायातल्या बुटांची किंमत विचारली होती. मामानं सांगितली. मावशी नुसतं "आरारा" म्हणाली आणि पुढं गेली. मामा जेवणाच्या पंगतीत बुटाकडंच बघत होता.

लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात हायवेवर नाकाबंदी होती. मावशी दळण घेऊन निघाली तर एका तरुण शिपायानं तिला अडवलं आणि काठी आपटली. मावशीनं काठीकडं नीट बघितलं.

"केवढ्याला घेतली?" तिनं विचारलं.

शिपाई गोंधळला. म्हणाला, सरकारी आहे.

"मग सरकारला बांबू फसवून दिलाय कुणीतरी. गाठीवर चिरलाय बग. आपटू नगंस, मोडंल."

त्यानं काठी उलटी करून बघितली, तोवर मावशी गिरणीत पोचली होती. तिथून पुढं तो शिपाई तिला आजी म्हणायला लागला.

किमती ती सगळ्यांना विचारायची, पण स्वतःचा भाव तोंडानं कधी सांगायची नाही. ती सवय तिला बाजारानं लावली होती. जनावरांच्या बाजारात जुनी माणसं अजून रुमालाखाली भाव करतात. दोघांचे हात एका रुमालाखाली जातात. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, सगळा पंजा धरला की पाच. शेकडा का हजार, ते जनावराकडं बघून कळतं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच राहतो. मावशीचा नवरा बाजारात दलाल होता. शेवटच्या वर्षांत त्याची नजर गेली. तेव्हा मावशी शेजारी बसून त्याला जनावर कसं आहे ते सांगायची, आणि पुढं पुढं त्याच्याऐवजी तीच हात घालायला लागली. रुमाल नाही, पदर. बाजारात पदराखाली भाव करणारी बाई मी दुसरी बघितली नाही.

मला ते तिनंच शिकवलं. मी नऊ वर्षांचा असल्यापासून दुसऱ्याच्या शेळ्या राखल्या. दोन वेळची भाकरी आणि वर्षाला एक करडू, एवढ्यावर. विसाव्या वर्षी स्वतःच्या दोन शेळ्या घेऊन बाजारात गेलो आणि दीड शेळीच्या पैशात दोन्ही देऊन आलो. येताना देवीच्या वाटेवर रागानं दगडं लाथाडत चाललो होतो. मावशीनं हाक मारली.

"महादू, हिकडं ये. हात दे."

पदराखाली माझा हात घेऊन तिनं बोटं दाबायला सुरुवात केली. तिची एक खास पद्धत होती. आधी करंगळी नुसती चाचपायची, जरा थांबायची, आणि मग आकडा दाबायची. त्या थांबण्यात समोरचा माणूस घाबरतो. तासभर तिनं मला भाव करायला लावला, दरवेळी मी हरलो. शेवटी जिंकलो तेव्हा म्हणाली, आता जा, चहा सांग दोन, पैसे तू दे.

पुढं मी बोकड घेतले, विकले, पिकअप घेतली. बाजारात माझं नाव झालं. रागीट म्हणून झालं, पण झालं. हे सगळं मी कुणाच्या उपकारानं केलं नाही. चहाचे पैसेसुद्धा मीच दिले होते.

आता मुद्द्यावर येतो.

लॉकडाऊन लागलं तेव्हा माझ्या वाड्यात दहा गाभण शेळ्या होत्या. चैत्राच्या जत्रेवर आणि त्यानंतरच्या बाजारावर डोळा ठेवून हातातला सगळा पैसा मी त्यात घातला होता. जत्रा भरली नाही. बाजार बंद झाला. पिकअप दारात उभी, तिचा हप्ता मात्र उभा राहत नव्हता. कडबा संपत आला. माझी बायको सुनीता रोज सकाळी पिठाच्या डब्यात हात घालून तळ चाचपायची आणि मला दिसू नये म्हणून लगेच झाकण लावायची. मला दिसायचं. बाहेरगावचा एक व्यापारी मला दररोज फोन करायचा. सगळ्या शेळ्या निम्म्या भावात मागायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याहून थोडं कमी सांगायचा. मी त्याला शिव्या घालून फोन ठेवायचो. पण एक गोष्ट मला माहीत होती. या दहा गेल्या की माझ्याकडं भांडवल नाही, आणि भांडवल नसलेला व्यापारी म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या शेळ्यांमागं काठी घेऊन फिरणारा गडी. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मला ते करायचं नव्हतं. चौथ्या का पाचव्या आठवड्यात मी त्या व्यापाऱ्याला उद्या या म्हणून सांगायचं ठरवलं.

मावशीचं घर माझ्या घरासमोर, मधे फक्त बोळ. तिचंही दुकान बंद. देवीच्या दारालाच कुलूप, तर ओटी कोण भरणार? मुलगा अनिल पुण्यात खाजगी बस चालवायचा, तो काही चालत काही ट्रकनं घरी आलेला. पगाराचा पत्ता नाही. त्या दिवशी दुपारी मावशी तिच्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, शेळ्या मला अर्धलीनं दे.

अर्धल म्हणजे आमच्याकडचा जुना रिवाज. शेळी मालकाची, सांभाळ दुसऱ्याचा. दूध सांभाळणाऱ्याचं, पिल्लं वाटून.

मी म्हणालो, "मावशी, तुमाला दहा शेळ्या झेपतील का? सोताला बघा जरा."

"माझं मी बगते. तू भाव कर."

हातात हात घ्यायची सोय नव्हती. शिपाई बोळाच्या तोंडाशी उभा होता. मावशी आत गेली आणि तिचं जुनं नऊवारी लुगडं घेऊन आली. एक टोक माझ्याकडं फेकलं. म्हणाली, एक हिसका म्हणजे एक. चार पिल्लांत तुझी किती, ते ठरवू. बोळातले सगळे दारादारांत येऊन बघायला लागले. मावशीनं लुगड्याचं टोक पदराखाली घेतलं, मी माझं शर्टाखाली. तिनं आधी नुसतं ताणलं, थांबली, आणि एकच हिसका दिला. मी तीन दिले, असे की ती ओट्यावरून पुढं सरकली. सुनीता तोंडात पदर घालून हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती. तिचा एक, माझे तीन, पुन्हा तिचा एक, असं चाललं. ऊन उतरायला लागलं तेव्हा दोघांचे दोन-दोन झाले. अर्धल ठरली.

मी व्यापारी माणूस. एवढ्यावर सोडीन का? मी म्हणालो, वाटणीत बोकड सगळे मला. बोकड म्हणजे बाजार सुरू झाला की रोख पैसा.

मावशीनं लुगड्याची घडी घालायला घेतली. "बोकड तुला? मग मला काय ऱ्हायलं?"

"पाटी घ्या." पाट म्हणजे शेळीचं मादी पिल्लू.

तिनं मोठा उसासा सोडला, कपाळाला हात लावला आणि हो म्हणाली. मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. शेळ्या दिल्या आणि व्यापाऱ्याचा फोन उचलला नाही.

जाता जाता मावशी आणखी एक बोलली होती. गाडी उभी हाय, तू बसलायस, आमचा अनिल बसलाय, भाजीला लावा की. भाजीच्या गाड्यांना परवानगी होती. मला लाज वाटत होती. मी बोकडाच्या शिंगाला हात लावून हजाराची बोली करणारा माणूस, मेथी घ्या मेथी म्हणून ओरडू? पण पिठाच्या डब्याचं झाकण डोळ्यांपुढं आलं. अनिल गाडी चालवायचा, मी मागं उभा राहून ओरडायचो, पैसे निम्मे-निम्मे. पहिल्याच दिवशी एका बाईनं कोथिंबिरीच्या जुडीसाठी माझ्याशी इतकी घासाघीस केली, की मी जुडी परत गाडीत फेकली आणि अनिलला म्हणालो, चल पुढं. अनिल उतरला आणि त्या बाईला दोन जुड्या देऊन आला. ती रोजची गिऱ्हाईक झाली. दोन्ही घरं त्या भाजीवर चालली, हे मी मान्य करतो.

महिन्याभरानं भाजीची गाडी घेऊन मी खालच्या आळीला गेलो आणि मला माझी शेळी दिसली. कान फाटलेली, काळी, मी तिला हजारांत ओळखीन. ती विलासच्या दारात बांधली होती. विलास म्हणजे सलूनवाला. त्याचं माझं बोलणं नव्हतं. मी आजारी बोकड खपवतो असं त्यानं भर सलूनमध्ये म्हटलं होतं, चार गिऱ्हाइकांच्या तोंडाला साबण असताना. आणि हा विलास दारात बसून माझ्या शेळीचे केस सलूनच्या ब्रशनं विंचरत होता.

मी गाडीतून उडी मारली. शेळी चोरलीस का, इथपासून सुरुवात केली. विलासची बायको संगीता दारात आली आणि म्हणाली, मावशीनं दिली. फक्त आम्हाला नाही. एक बँडवाल्याकडं आहे, एक त्या तेरखेड्याला फटाक्यांच्या कामाला जाणाऱ्या नवरा-बायकोकडं. दहा घरांत दहा शेळ्या. ज्यांचं काम बंद पडलंय अशी घरं मावशीनं हुडकून काढली होती. मी शेळीचं दावं सोडायला वाकलो, आणि वाकल्यावर तिच्या पोटावर हात गेला. पोट टम्म होतं. अंग लखलखत होतं. खुरं कापलेली होती. माझ्या वाड्यात ती कधी अशी दिसली नव्हती. विलास हळूच म्हणाला, "दिवसभर हाताला काम नाही. बांधावरनं पाला आणतो, हिच्यासंगं बसतो. न्यायची असंल तर न्या."

संगीताचं धाकटं पोर शेळीच्या गळ्यात हात टाकून उभं होतं. मी दावं तसंच ठेवलं आणि तडक मावशीच्या ओट्यासमोर जाऊन उभा राहिलो. सगळ्या बोळाला ऐकू जाईल असा ओरडलो. माझा माल विलाससारख्याच्या दारात बांधायची तुमची हिंमत कशी झाली, तुम्ही मला फसवलं, असं बरंच काही.

मावशी तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"फसवलं व्हय. आदी सांगितलं असतं तर दिल्या असत्यास का?"

"मेलो तरी न्हाय."

"मग? म्हनून फसवलं." आणि तिनं सूप पुन्हा उचललं.

कबूल करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. मी घरी येऊन सुनीतावर ओरडलो. ती म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दिवाळीनंतर बाजार भरायला लागला तेव्हा वाटणी झाली. दहा शेळ्यांनी एकवीस पिल्लं दिली होती, बहुतेक जुळी. एकही मेलं नव्हतं. धंद्यात एवढी वर्षं काढली, पण एका वेतात एवढं यश मी बघितलं नाही. शेळ्या माझ्या वाड्यात परत आल्या. बोकड सगळे मी घेतले, चांगल्या भावात विकले, पिकअपचे थकलेले हप्ते भरले, पुन्हा माल भरला. माझा धंदा उभा राहिला. मी मावशीसाठी लुगडं आणलं. तिनं किंमत विचारली, मी सांगितली, ती आरारा म्हणाली आणि लुगडं परत करायला लावलं.

खरी फसवणूक मला दीड-दोन वर्षांनी कळली.

बाजारात संगीता दोन बोकड आणि तीन शेळ्या घेऊन उभी होती. खालच्या आळीची आणखी चारपाच माणसं होती, सगळ्यांच्या हातात दावी. पूर्वी असल्या घरांत एखादं जनावर असायचं, आणि नड आली की ही माणसं माझ्या दारात येऊन ते मी देईन त्या भावात विकून जायचे. मी संगीताला माझा नेहमीचा भाव सांगितला. तिनं पदर पुढं घेतला आणि हात पुढं केला. मला हसू आलं. मी हात घातला. तिनं माझी करंगळी चाचपली, जरा थांबली, आणि मग आकडा दाबला.

ते थांबणं मी कुठंही ओळखलं असतं.

त्या दिवशी मला बोकड पुऱ्या किमतीला घ्यावे लागले. दुसऱ्या घराचे, तिसऱ्या घराचेही. मी बोकड मागून घेतले आणि विकून मोकळा झालो. पाटी त्या घरांत राहिल्या, व्याल्या, त्यांच्याही पाटी झाल्या. दहा घरांत दहा कळप झाले, माझ्याच शेळ्यांचे, आणि दहाही घरांतल्या बायांना मावशीनं दुपारी ओट्यावर बसवून बोटं शिकवली होती. मी संध्याकाळी तिच्याकडं गेलो.

"मावशी, पाटी घ्या म्हणालो तवा तुमी उसासा सोडलात. कपाळाला हात लावलात."

"लावला हुता. लई येळ कपाळ दुखत हुतं."

"तुमाला ठावं हुतं मी बोकडच मागणार."

"तुला बोकड दिसला, त्यात माझा काय गुन्हा? म्या काय तुझ्या डोळ्यांवर हात ठिवला हुता का?"

"माझ्याच शेळ्या, आन् माझीच गिऱ्हाइकं शहाणी केली तुमी."

"तुला बी मीच केला न्हाय का शहाणा? तवा न्हाय केलीस तक्रार."

मी पाणी न पिता उठून आलो. आठ दिवस बोललो नाही. नवव्या दिवशी विलासकडं दाढी करून घेतली, कारण दुसरं सलून लांब आहे. त्यानं पैसे घेतले नाहीत, त्याचाही मला राग आला.

अनिलला पुन्हा बस मिळाली आणि तो बायकोपोरांना घेऊन पुण्याला गेला. मावशीला एकटं ठेवायला नको म्हणून लोहारा गावात दिलेली तिची लेक तिला न्यायला आली. सामान एसटी स्टँडवर न्यायला माझीच पिकअप. गाठोडी उचलायला मी पहिल्यांदा तिच्या परसात गेलो. तिथं खुंटा नव्हता. लेंडी नव्हती, दावं नव्हतं. मी इकडंतिकडं बघितलं.

"मावशी, तुमच्या वाट्याची पाट कुठंय?"

"कशाची पाट?"

"निम्मी पिल्लं तुमची हुती. लुगड्यावर ठरलं हुतं."

"दहा घरी दहा कोप चहा पीत हुते की रोज. तेवढ्या दुधाची शेळी हाय व्हय तुझ्याकडं?"

एक पाट ठेवली नव्हती तिनं. एकही नाही. मी तिच्याशी दुपारभर हिसके मारून भाव केला, आणि ती स्वतःसाठी भाव करतच नव्हती. याला फसवणं नाही तर काय म्हणायचं? समोरचा काय मागतोय तेच माहीत नसेल तर व्यापाऱ्यानं सौदा करायचा कसा?

मी तसाच घरी गेलो आणि कान फाटलेल्या शेळीची नात, एक वर्षाची काळी पाट, दाव्यानं ओढत येरमाळ्याच्या स्टँडवर आलो. मावशी लोहाऱ्याच्या एसटीत खिडकीशी बसली होती. कंडक्टर म्हणाला, शेळी आत येणार नाही. मी त्याच्याशी भांडायला लागलो. मावशीनं खिडकीतून विचारलं, शेळीला तिकीट किती पडतं? कंडक्टरला सांगता येईना. मावशी म्हणाली, ऱ्हाऊ दे महादू, त्याला बी भाव म्हाईत न्हाय.

गाडी सुरू झाली. तिनं पदर ओढून खिडकीबाहेर हात काढला. मी सवयीनं खाली हात घातला आणि करंगळीवर दाब येईल म्हणून वाट बघत राहिलो. तिनं एकही बोट दाबलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हात नुसताच धरला. मग गाडी वळली आणि पदर आत गेला. पाट माझ्या पिशवीतली केळी खात उभी होती.

याला दोन वर्षं होत आली. देवीची वाट पुन्हा गर्दीनं भरते, जत्रा भरते, बाजारात संगीता मला आजही सोडत नाही. ती काळी पाट आता दोनदा व्याली, दोन्ही वेळा जुळी. माझ्या वाड्यात तिचा खुंटा वेगळा आहे. तिचं एकही पिल्लू मी विकलेलं नाही, बोकडसुद्धा नाही. आता पाच जनावरं झालीत आणि रोज पाला खातात. फोन केला की मावशी म्हणते, दिऊन टाक कुणाला तरी. मी का देऊ? मी धर्मादाय उघडलेला नाही.

मावशी, कुणीतरी तुम्हाला हे वाचून दाखवील. वाटा तुमचा आहे आणि सांभाळतोय मी, म्हणजे ही आता उलटी अर्धल झाली. तिची बोली अजून व्हायची आहे. या बाजाराला नाही तर पुढच्या बाजाराला या. लुगडं घेऊन या. दहा घरं आणि मी असे सगळे समोर उभे राहतो, आणि सगळ्यांसमोर तुम्ही सांगा, की स्वतःसाठी एक पाट का ठेवली नाही. मला फसवल्याचा जबाब मला पाहिजे.